पोरांच्या खेळाला घराघरांची सावड

केनवडच्या आणि आसपासच्या गावांतल्या आयाबहिणींनो, भावांनो,

सावड म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. आज तुमच्या वावरात शेजारची चार माणसे येतात. उद्या तुम्ही त्यांच्या वावरात जाता. मजुरीचा पैसा हातात द्यावा लागत नाही. एकट्याला जे काम आठ दिवस पुरते, ते सावडीने दोन दिवसांत उरकते. आणि काम करता करता बोलणे होते, हसणे होते, हा फायदा वेगळाच.

या धड्यात मला एवढेच सांगायचे आहे, की आपल्या पोरापोरींच्या खेळालाही अशीच सावड लागते. एका घराने तो भार उचलायचा म्हटले, तर घर थकते. आणि घर थकले, की पोराचा खेळ सुटतो.

खेळ फुकट असतो का?

पोरे गावात खेळतात, तोवर खर्च नाही. कबड्डीला रेघ मारायची माती लागते. खो-खोला दोन खांब लागतात. कुस्तीला अंगात रग आणि समोर जोडीदार लागतो. धावायला तर पांदणसुद्धा चालते.

खर्च सुरू होतो, तो पोरगा चांगला खेळू लागला म्हणजे. आता असे पाहा. शाळेच्या स्पर्धांना पायऱ्या असतात. पहिली पायरी तालुक्याची, म्हणजे आपल्याला रिसोड. दुसरी जिल्ह्याची, म्हणजे वाशीम. तिसरी विभागाची. आपला जिल्हा अमरावती विभागात येतो. चौथी पायरी राज्याची. वयाप्रमाणे गट असतात: १४ वर्षांखालील, १७ वर्षांखालील आणि १९ वर्षांखालील. पोरगा जितका वर चढतो, तितका घरापासून लांब जातो. मग गाडीभाडे लागते. बूट लागतात. डबा लागतो. सोबतीला मोठे माणूस लागते. त्या माणसाचा रोज बुडतो.

त्यातून या स्पर्धा बहुधा पावसाळा उतरतीला लागला, की येतात. नेमकी तेव्हाच सोयाबीन काढणीला येते. आई म्हणते, “वावर टाकून पोरीसंगं कोण जाईन?” बाप म्हणतो, “काहून जायचं? खेळून का पोट भरते?”

दोघांचेही बोलणे खोटे नाही. पण पुढे काय होते ते पाहा. समजा, मुलींच्या कबड्डी संघात बारा जणी आहेत. मैदानात एका वेळी सात जणी खेळतात. काढणीमुळे तीन घरांनी नाही म्हटले. दोघींना सोबत मिळाली नाही. एकीकडे भाड्याला पैसा नव्हता. राहिल्या सहा. आता संघच उभा राहत नाही. ज्या सहा घरांनी सगळी तयारी केली होती, त्यांच्या पोरीही घरीच बसल्या.

म्हणून ध्यानात घ्या. खेळात शेजारच्या घरची अडचण ही आपलीच अडचण असते.

गोळेश्वरची गोष्ट

सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. तेथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा जाधव जन्मले. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. खाशाबा अंगाने लहान, पण डावपेचात फार चपळ. १९४८ साली लंडनला ऑलिंपिक भरले. ऑलिंपिक म्हणजे साऱ्या जगाच्या खेळांचा मोठा मेळा. तो चार वर्षांतून एकदा भरतो. त्या वेळी कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च केला. खाशाबा तेथे सहावे आले.

पुढचे ऑलिंपिक १९५२ साली हेलसिंकी या शहरात होते. हे शहर युरोपात, फिनलंड देशात आहे. जायला पैसा हवा होता, आणि पुरेसा पैसा मिळेना. तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढली. तरीही रक्कम कमी पडली. खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेले. तेथील प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि ७,००० रुपये उभे केले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

खाशाबा हेलसिंकीला गेले, आणि कुस्तीत तिसरे आले. २३ जुलै १९५२ रोजी त्यांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारतात एकट्या खेळाडूने मिळवलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. ते परत आले, तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक त्यांना घ्यायला आली होती.

पण गोष्ट येथे संपत नाही. मिरवणूक उरकल्यावर खाशाबांनी काय केले? त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले. त्यांत स्वतः लढले. आलेल्या पैशातून प्राचार्यांचे गहाण घर सोडवले. गावाने दिले, आणि पोराने जाणले. सावड म्हणतात ती हीच.

या गोष्टीला दुसरीही बाजू आहे. १९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात फौजदार झाले. १९८४ साली अपघातात ते वारले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला, तो ते गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी. आता १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. पण हा मान पाहायला ते राहिले नाहीत. एकट्याच्या खेळात ऑलिंपिक पदक मिळवणारा महाराष्ट्राचा दुसरा खेळाडू निघायला ७२ वर्षे गेली. तो म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे. २०२४ साली पॅरिसला त्याने कांस्यपदक घेतले.

यावरून काय शिकायचे? मिरवणुकीला गाव जमते. पण पोराला गावाची गरज मिरवणुकीच्या आधी असते, आणि नंतरही असते.

कोणी म्हणेल, हे दूर साताऱ्याचे झाले. बरे, आपल्या वऱ्हाडातले पाहा. अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी तरुणांसाठी आखाडा सुरू केला. त्यातूनच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वाढले. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक भरले, तेव्हा या मंडळाची मंडळी तेथे गेली आणि त्यांनी आपले देशी खेळ जगाला दाखवले. सुरुवात मात्र थोड्या माणसांच्या एकीने झाली होती.

सावड कशी बांधावी?

आपल्याकडे हरिनाम सप्ताह बसतो. तेव्हा कोणी गहू देतो, कोणी लाकूडफाटा देतो. कोणी पंगत वाढतो, कोणी पहारा करतो. काल्याच्या दिवशी सारे गाव एका पंगतीला बसते. हे आपल्याला कोणी शिकवले नाही. आपल्या अंगवळणीच पडले आहे. तीच रीत खेळाला लावायची.

पहिले काम. खेळणाऱ्या पोरांच्या आईबापांनी एक दिवस शाळेत जमावे. आया आणि बाप दोघांनीही यावे. बाप पारावर बसून ठरवील आणि आई घरी डबा करील, असे चालत नाही. खेळाच्या गुरुजींना बोलवावे. कोणत्या महिन्यात कोठे स्पर्धा आहे, ते त्यांच्याकडून लिहून घ्यावे.

दुसरे काम. पाळ्या लावाव्यात. एका स्पर्धेला दोन मोठी माणसे सोबत गेली, तर बारा घरांचे भागते. आज जे दोघे जातील, त्यांच्या वावरातले त्या दिवसाचे काम बाकीच्यांनी करावे. म्हणजे कोणाचा रोज बुडत नाही.

तिसरे काम. डबा वाटून घ्यावा. भाकरी, पिठले, उकडलेले चणे, शेंगदाणे आणि गूळ हा खेळणाऱ्या पोराला चांगला आहार आहे. ज्या घरी दूध किंवा अंडी असतात, त्यांनी तीही द्यावीत. डबा सगळ्यांनी मिळून खावा. कोणाच्या डब्यात काय आहे, ते कोणाला कळता कामा नये.

चौथे काम. जुन्या वस्तू फिरत्या ठेवाव्यात. पोराचा पाय वाढतो आणि बूट लहान होतो. तो कोनाड्यात ठेवून कोणाच्या उपयोगाचा? धुऊन, शिवून शाळेत द्यावा.

पैशाचा हिशेब

पैशाने माणसे जोडली जातात आणि पैशानेच तुटतात. म्हणून हिशेब उघडा ठेवावा. तुम्ही आता अक्षरे आणि आकडे शिकला आहात. ते येथे कामी आणा.

समजा, बारा घरांनी महिन्याला २० रुपये दिले. म्हणजे महिन्याचे २४० रुपये आणि वर्षाचे २,८८० रुपये झाले. वहीत असे लिहावे:

जमा
बारा घरांची वर्गणी – २४० रुपये
मागील शिल्लक – १०० रुपये
एकूण जमा – ३४० रुपये

खर्च
गाडीभाडे – १८० रुपये
मलमपट्टी – ७० रुपये
एकूण खर्च – २५० रुपये

शिल्लक – ९० रुपये

पैसे एकाकडे ठेवावेत, आणि वही दुसऱ्याकडे. दर महिन्याला वही मोठ्याने वाचून दाखवावी. ज्याला वाचता येते, त्या प्रत्येकाने ती पाळीपाळीने वाचावी.

एखाद्या घरी वीस रुपयेही जड जातात. त्या घराने हाताने काम द्यावे. मैदानातले खडे वेचावेत, पाणी मारावे, सोबतीला जावे. पैसा आणि काम यांना एकच मोल द्यावे. ‘अमक्याने दिले नाही’ असे चारचौघांत म्हणू नये. बापाचा अपमान झाला, की पोरगा दुसऱ्या दिवशी मैदानावर येत नाही.

मुलींच्या घरांसाठी

मुलगी तेरा-चौदा वर्षांची झाली, की पुष्कळ घरांत तिचा खेळ बंद होतो. लोक काय म्हणतील, संध्याकाळी एकटी कशी येईल, अशी भीती असते. ही भीती नुसत्या उपदेशाने जात नाही. सोबत मिळाली म्हणजे जाते.

म्हणून एका आळीतल्या मुलींनी मिळून जावे आणि मिळून यावे. रोज एका घरच्या आईने मैदानावर बसावे. गावाबाहेर संघ गेला, तर सोबत निदान एक बाई असलीच पाहिजे. एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट देण्याची सवलत मार्च २०२३ मध्ये सुरू झाली. त्यामुळे हा खर्चही फार होत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पोरगा असो की पोरगी, शिकवणारा कितीही नावाजलेला असो, मुलाला त्याच्याबरोबर मुक्कामाला एकटे पाठवू नये. मूल मैदानावर जायला अचानक नको म्हणू लागले, तर त्याला रागावू नये. जवळ घेऊन विचारावे. तुमच्या पोराने सांगितले नाही, तर कदाचित शेजारच्या पोराने आपल्या आईला सांगितले असेल. आया एकमेकींशी बोलत असल्या, तर अशी गोष्ट लपून राहत नाही. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन नंबर आहे. तो पाठ ठेवावा.

आपल्या मुलींची ताकद किती आहे, ते पाहायचे असेल तर खो-खोकडे पाहा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनीही तो जिंकला आणि मुलांनीही जिंकला. मुलींची कप्तान प्रियांका इंगळे आणि मुलांचा कप्तान प्रतीक वाईकर. दोघेही महाराष्ट्राचे. जो खेळ आपल्या शाळेच्या अंगणात चालतो, त्याच खेळाने त्यांना तेथवर नेले.

भांडणे कशाने होतात?

सावड मोडते ती बहुतेक तीन कारणांनी.

एक, निवड. ‘तुमचा पोरगा घेतला, माझा का नाही?’ संघ निवडणे हे गुरुजींचे काम आहे. शंका असेल तर एकट्याने, शांतपणे जाऊन विचारावे. पोरांच्या देखत विचारू नये. ज्याची निवड झाली नाही, त्याच्या आईबापांनी सावड सोडू नये. आणि ज्याची झाली, त्याच्या आईबापांनी आधी त्याच घरी जाऊन बसावे. एवढे केले, तर अर्धी भांडणे मिटतात.

दोन, ओरडा. काही बाप मैदानाच्या कडेला उभे राहून आपल्याच पोराला शिव्या देतात. दुसऱ्याच्या पोराची चूक मोठ्याने दाखवतात. पंचाच्या अंगावर जातात. असे वागणाऱ्याला बाकीच्यांनी हाताला धरून बाजूला न्यावे. पोरगा बापाच्या भीतीने खेळू लागला, की त्याचा पाय जड होतो.

तीन, वयाची चोरी. पोरगा मोठा असून कागदावर लहान दाखवायचा आणि लहान गटात खेळवायचा, हे काही ठिकाणी चालते. कोणी त्याला हुशारी म्हणतात. ती हुशारी नाही. ती दुसऱ्या गावच्या लहान पोराच्या हातातली भाकर काढून घेणे आहे. पकडले गेले, तर सारा संघ बाद होण्याची भीती असते. मग एका घराच्या लबाडीने अकरा घरांची मेहनत मातीत जाते. जन्माचा दाखला, आधार कार्ड आणि शाळेचा दाखला यांवरची तारीख एकच आहे का, ते सर्वांनी मिळून वर्षाच्या सुरुवातीलाच पाहावे.

कागदांवरून आणखी एक. खेळाची प्रमाणपत्रे जपून ठेवावीत. ठरलेल्या पायरीपर्यंत खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात. पण त्यासाठी शाळेमार्फत वेळेवर अर्ज जावा लागतो. शाळेच्या फळ्यावर सूचना लागली, की जो आधी वाचील त्याने बाकीच्या घरी सांगावे. आपल्यालाच गुण मिळावेत म्हणून गप्प बसू नये.

लागले आणि हरले तर

पोरगा पडला आणि घोटा सुजला, तर लगेच गरम तेलाने चोळू नये. चोळल्याने सूज वाढते. गार पाण्याची घडी ठेवावी. पाय उशीवर उंच ठेवावा. पायावर भार देऊ नये. हाड वाकडे दिसले, किंवा पाय टेकताच येत नसेल, तर दवाखान्यात न्यावे. डोक्याला मार लागून उलटी झाली, गुंगी आली किंवा पोरगा विसंगत बोलू लागला, तर क्षणभरही थांबू नये. १०८ नंबरवर फोन केला, की दवाखान्याची गाडी येते. त्या वेळी एकाने पोराजवळ थांबावे आणि एकाने त्याच्या घरच्यांना धीर द्यावा. पोरगा घरी पडून असेल, तोवर बाकीच्या पोरांनी रोज त्याच्याकडे जावे. खेळ बंद पडलेल्या पोराला सर्वांत जास्त दुखते, ते एकटेपण.

हरण्याचेही तसेच. स्पर्धेत जिंकणारा एक संघ असतो. हरणारे पुष्कळ असतात. म्हणजे आपली पोरे जिंकण्यापेक्षा हरून जास्त वेळा घरी येतील. तेव्हा त्यांना घ्यायला कोण जाते, हे महत्त्वाचे. जिंकल्यावर गुलाल घेऊन सारे जातात. हरल्यावर दोन आया पाण्याचा तांब्या घेऊन थांब्यावर उभ्या असल्या, तर ती पोरे दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर येतात.

यातून मिळते काय?

खरे सांगायचे, तर बारा पोरांतला एखादाच राज्यापर्यंत जाईल. कदाचित कोणीच जाणार नाही. मग एवढा खटाटोप कशाला?

तर असे पाहा. बारा घरे एकत्र आली. एकमेकांच्या चुलीपर्यंत ओळख झाली. कोणाचा पोरगा वाईट संगतीला लागत असला, तर दुसऱ्या घराला आधी कळू लागले. बारा जोडपी म्हणजे पोराला चोवीस आईबाप झाले. पुढे कोणाच्या घरी आजारपण आले, कोणाचे पीक गेले, तर जायला अकरा दारे झाली. खेळ पाच-सात वर्षांत संपतो. ही दारे मात्र उघडीच राहतात.

म्हणून यंदा सोयाबीन काढणीच्या सावडीचे बोलणे निघेल, तेव्हाच पोरांच्या खेळाचेही बोलणे काढा. दोन्हींच्या पाळ्या एकदमच ठरवा.

वाचा आणि आपसांत बोला

१. आपल्या आळीतली किती पोरे आणि किती पोरी खेळतात? त्यांची नावे लिहा.
२. गेल्या वर्षी खेळ सोडलेले एखादे मूल आहे का? त्याने का सोडला, ते त्याच्या घरी जाऊन विचारा.
३. तुमचे घर पैसा देऊ शकेल, की वेळ, की डबा? ते वहीत लिहा.
४. खाशाबांनी मिरवणुकीनंतर आधी कोणते देणे फेडले?